फ्रेंच घरातलं रोजचं गोडधोड: अंडं, दूध, मैदा, लोणी आणि आच

फ्रेंच खाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते पापुद्रे सुटलेले क्रोसाँ, रंगीबेरंगी माकारों आणि काचेच्या कपाटात मांडलेले एक्लेर. ते बघून घरी करण्याचा विचार आपण तिथेच सोडून देतो. पण फ्रान्समधल्या घरांतही हे पदार्थ सहसा कुणी करत नाही, ते दुकानातून आणले जातात. पावाचंही तसंच. पीठ जिथे मळलं तिथेच पाव भाजला जात असेल, तरच दुकानावर ‘बूलांजरी’ अशी पाटी लावता येते, असा तिथे १९९८ पासून कायदा आहे. गल्लीच्या तोंडाशी ताजा पाव मिळत असेल तर घरी कोण मळत बसेल?

घरात शिजतं ते वेगळंच. मधल्या वारी भाज्यांचं सूप, मोहरी आणि व्हिनेगर घातलेलं सॅलड, उरल्यासुरल्या भाजीचा, पारीत कस्टर्ड ओतून भाजलेला किश, दूध-सायीत भाजलेल्या बटाट्याचं ग्राताँ. रविवारी अख्खी भाजलेली कोंबडी. जेवणानंतर गोड म्हणून बहुतेक दिवशी दह्याची एक डबी, एखादं फळ, नाहीतर सफरचंद शिजवून केलेला गर. शाळेतून आलेल्या मुलांच्या हातात चारच्या सुमाराला पाव आणि त्यात खोचलेली चॉकलेटची वडी. आणि जरा सवड असेल तेव्हा क्रेप म्हणजे पातळ धिरडी, क्लाफुती, कॅरॅमल कस्टर्ड, दह्याचा केक.

या पदार्थांची नावं पुष्कळ आहेत. जिन्नस मात्र फिरून फिरून तेच: अंडी, दूध, मैदा, लोणी, साखर. मग पदार्थ बदलतो कशामुळे? आधी काय पडलं, नंतर काय पडलं आणि आच किती होती, यामुळे. पाककृती पाठ करण्यापेक्षा हे समजून घेणं मला जास्त मोलाचं वाटतं. कारण कळलं की बिघडलेला पदार्थ का बिघडला ते सांगता येतं, आणि घरात जे आहे त्यात अदलाबदल करायचं धाडसही येतं.

सुरुवात मुलांच्या केकपासून

फ्रान्समध्ये बहुतेक प्राथमिक शाळांना बुधवारी सुट्टी असते. अशा दिवशी लहान मूल आयुष्यातला पहिला पदार्थ करतं तो बहुधा ‘गातो ओ याऊर्त’, म्हणजे दह्याचा केक. यात वजनकाटा लागत नाही. दह्याची १२५ ग्रॅमची डबी बोलमध्ये रिकामी करायची आणि तीच डबी माप म्हणून वापरायची: एक डबी दही, दोन डब्या साखर, तीन डब्या मैदा, अर्धी डबी तेल, तीन अंडी आणि बेकिंग पावडर. सगळं एकत्र करून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पाऊण तासाच्या आत केक तयार.

हा केक सहसा फसत नाही, आणि त्याला कारणं आहेत. लोण्याचा केक करताना लोणी आणि साखर फेटून त्यात हवा कोंडावी लागते, तिथे हात कच्चा असला की केक दडस होतो. इथे फुगवण्याचं काम बेकिंग पावडर करते, फेटण्यावर काही अवलंबून नाही. शिवाय तेल थंड झालं तरी पातळच राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही केक मऊ लागतो. लोण्याचा केक गार झाला की घट्ट होतो, कारण त्यातलं लोणी गोठतं. मैदा घातल्यावर मात्र जास्त घोटायचं नाही. मैद्याला पाणी लागून तो घोटला गेला की त्यात ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते. पावाला ती हवी असते, केकला नको.

आपल्याकडे करताना डबीच हवी असं नाही. कुठलीही वाटी चालेल, फक्त एकच वाटी शेवटपर्यंत वापरायची आणि अंडी, बेकिंग पावडर तिच्या आकाराप्रमाणे कमीजास्त करायची. घरचं दही आंबट आणि पाणीदार असेल तर पंधरा मिनिटं फडक्यात निथळून घ्या. साखर दीड वाटी पुरते असं माझं मत आहे.

अंडं नेमकं किती तापवायचं

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. फ्रेंच घरातलं निम्मं गोड अंड्याच्या एकाच गुणावर उभं आहे: ते तापलं की घट्ट होतं.

अंड्यातले प्रथिनांचे रेणू कच्चे असताना घडी घातल्यासारखे असतात. उष्णता मिळाली की त्या घड्या उलगडतात, रेणू एकमेकांना धरतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं. पांढरा भाग साधारण ६२-६३ अंशांपासून आळायला लागतो, बलक त्याच्या थोडा पुढे. पण अंड्यात दूध आणि साखर घातली की प्रथिनं विरळ होतात, त्यांना एकमेकांपर्यंत पोचायला जास्त उष्णता लागते. म्हणून दूध-अंड्याचं मिश्रण जवळजवळ ८० अंशांच्या पुढे गेल्यावर घट्ट बसतं. त्याही पुढे तापवलं तर जाळं आवळतं, आतलं पाणी पिळून बाहेर पडतं, आणि हातात येतात गुठळ्या आणि पाणी. आपण त्याला ‘फाटलं’ म्हणतो. बसणं आणि फाटणं यांच्यात जेमतेम पाच-सहा अंशांची फट आहे. फ्रेंच गोडाची सगळी काळजी, सगळे नियम या फटीत राहण्यासाठी आहेत.

क्रेम कॅरॅमल घ्या. मुंबईच्या इराणी हॉटेलांत मिळणारं कॅरॅमल कस्टर्ड ते हेच. अर्धा लिटर दूध, चार अंडी, शंभर ग्रॅम साखर आणि तळाला कॅरॅमल. भांडं थेट ओव्हनमध्ये ठेवलं तर कडेचं कस्टर्ड फाटेपर्यंत मधलं पातळच राहतं. म्हणून ते गरम पाण्याच्या परातीत ठेवतात. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि उघड्या परातीतून वाफ सतत उडत असल्याने ते त्याच्याही बरंच खाली राहतं. ओव्हन १५०-१६० अंशांवर असला तरी कस्टर्डला लागणारी आच सौम्यच असते. कुकरमध्ये किंवा मोदकपात्रात करणार असाल तर तिथे मात्र वाफ पूर्ण १०० अंशांची असते. म्हणून शिट्टी काढून ठेवा, गॅस बारीक ठेवा, भांड्यावर फॉइल घट्ट बसवा म्हणजे झाकणाचं पाणी आत ठिबकणार नाही, आणि जमलं तर झाकण किंचित तिरकं ठेवून वाफेला वाट द्या. भांडं हलवल्यावर मधला भाग अजून थरथरत असतानाच गॅस बंद करायचा. आतल्या उष्णतेने उरलेलं काम होतं. कापल्यावर बारीक भोकांची जाळी दिसली तर समजायचं की आच जास्त झाली. चवीला ते वाईट लागत नाही, पण जिभेवर जी मऊ गुळगुळीत वडी विरघळायला हवी ती राहत नाही.

दुधात फक्त बलक घालून गॅसवर ढवळत ढवळत केलेलं पातळ कस्टर्ड म्हणजे क्रेम आंग्लेझ. अर्धा लिटर दुधाला पाच बलक. हे ८२-८४ अंशांपर्यंत न्यायचं आणि तिथून लगेच उतरवायचं. घरात थर्मामीटर नसला तरी एक जुनी खूण आहे: लाकडी चमचा बुडवून बाहेर काढा, त्याच्या पाठीवर बोटाने एक आडवी रेघ ओढा. रेघ तशीच स्वच्छ राहिली, वरचा ओघळ तिच्यावर आला नाही, तर झालं. पातेल्यावरचा बारीक फेस नाहीसा होणं हीही त्याच वेळची खूण आहे. झाल्याबरोबर ते दुसऱ्या थंड भांड्यात गाळून ओतायचं, कारण पातेल्याचा तळ गॅस बंद केल्यावरही शिजवत राहतो.

आता गंमत अशी की एक्लेरच्या पोटात भरतात ते घट्ट कस्टर्ड, क्रेम पातिसिएर, चक्क उकळतात, तरी ते फाटत नाही. फरक एवढाच की त्यात कॉर्नफ्लोअर किंवा मैदा असतो. पिठाचे कण दूध शोषून फुगतात, मिश्रण दाट होतं आणि अंड्याच्या प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. उलट हे उकळलंच पाहिजे. बलकात एक विकर (एन्झाइम) असतं जे पिठाची साखळी तोडतं. कस्टर्ड नुसतं दाट झाल्यावर उतरवलं तर ते विकर जिवंत राहतं, आणि रात्री घट्ट ठेवलेलं कस्टर्ड सकाळी पातळ झालेलं सापडतं. रटरट बुडबुडे यायला लागल्यावर पुढे एक-दीड मिनिट ढवळत शिजवलं की हा धोका संपतो.

एवढं कळलं की किश आणि क्लाफुती वेगळे शिकावे लागत नाहीत. किश म्हणजे बिनसाखरेचं कस्टर्ड, खुसखुशीत पारीत ओतून भाजलेलं. लोरेन प्रांतातल्या मूळ किशमध्ये अंडी, साय आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, चीज नसतं. चीज नंतर शिरलं. आपण त्यात परतलेला पालक, कांदा, मशरूम काहीही घालू शकतो. अट एकच, भाजीचं पाणी आधी पूर्ण आटवून घ्यायचं. ते राहिलं तर कस्टर्ड पातळ होतं आणि बसत नाही.

क्लाफुती लिमूझाँ प्रांताची. काळ्या चेरी लोणी लावलेल्या भांड्यात पसरायच्या आणि त्यावर अंडी, दूध, साखर, थोडा मैदा यांचं पातळ पीठ ओतून भाजायचं. तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे चेरीची बी काढत नाहीत. बी काढली की रस सगळीकडे पसरतो, आणि बियांचा बदामासारखा वासही जातो. पाहुण्यांना आधी सांगावं लागतं, एवढंच. मे-जूनमध्ये काश्मीरची चेरी आपल्याकडे येते तेव्हा हा पदार्थ जरूर करून बघा. बाकीच्या दिवसांत आलुबुखार किंवा नासपती चालतात. स्ट्रॉबेरीला मात्र पाणी फार सुटतं.

क्रेप आणि कुट्टू

ख्रिसमसनंतर चाळीस दिवसांनी, २ फेब्रुवारीला, फ्रान्समध्ये शांदलर हा ख्रिस्ती सण असतो आणि त्या दिवशी घरोघरी क्रेप होतात. एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचा क्रेप उडवून उलटवला तर वर्षभर पैशाची चणचण पडत नाही, अशी समजूत आहे.

अडीचशे ग्रॅम मैदा, तीन-चार अंडी, अर्धा लिटर दूध, चिमूट मीठ, थोडं वितळवलेलं लोणी. गुठळ्या होतात त्या दूध एकदम ओतल्यामुळे. आधी मैदा आणि अंडी यांचा घट्ट लगदा घोटून घ्या, मग दूध थोडं थोडं घाला. घट्ट मिश्रणात चमच्याचा जोर गुठळीवर पडतो आणि ती फुटते. पातळात ती नुसती तरंगत पळते. पीठ अर्धा-एक तास झाकून ठेवायचं, तेवढ्यात मैदा दूध शोषून घेतो आणि घोटताना आलेला चिवटपणा सैलावतो. पहिला क्रेप सगळ्यांचाच बिघडतो, कारण तवा अजून सगळीकडे सारखा तापलेला नसतो आणि त्यावर तुपाचा थर बसलेला नसतो. दुसऱ्यापासून आच धरली जाते.

क्रेपचा मुलूख म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाचा ब्रिटनी प्रांत. तिथे गोड क्रेप मैद्याचे आणि तिखटमिठाचे ‘गालेत’ मात्र कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाचे. कुट्टू हे गवताच्या जातीचं धान्य नाहीच, ते आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं आहे. त्यात ग्लुटेन नसतं. ब्रिटनीच्या हलक्या जमिनीत आणि ओल्या थंड हवेत गहू नीट यायचा नाही, कुट्टू यायचा. गरिबांच्या जेवणाचा तो मुख्य आधार होता. सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम पिठाला पाऊण लिटर पाणी, जाडं मीठ, हवं तर एक अंडं. पीठ काही तास मुरवायचं आणि कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर पातळ पसरायचं. वर अंडं फोडून चीज भुरभुरायचं आणि चारी कडा आत मुडपायच्या. आपला बिडाचा तवा या कामाला उत्तम आहे.

शू: उकड काढण्यापासून पोकळ फुग्यापर्यंत

आता ज्या पदार्थाचा मला सगळ्यात जास्त लळा आहे त्याबद्दल सविस्तर सांगते. एक्लेर, प्रॉफितरोल, साखरेचे मोठे दाणे लावलेली शुकेत, बर्गंडी प्रांतातली चिजाची गूजेर, हे सगळं एकाच पिठाचं होतं. त्याला ‘पात आ शू’ म्हणतात, आणि त्याच्या भाजलेल्या पोकळ गोळ्याला नुसतं ‘शू’. नाव ऐकून दडपण येतं, पण मोदकाची उकड ज्यांना येते त्यांची निम्मी वाट आधीच चालून झालेली असते.

पातेल्यात पाव लिटर पाणी, शंभर ग्रॅम लोण्याचे तुकडे आणि चिमूटभर मीठ घ्या. पाण्याला उकळी येईपर्यंत लोणी पूर्ण वितळलं पाहिजे, म्हणून तुकडे लहान हवेत. मोठा तुकडा राहिला तर तो वितळेपर्यंत पाणी उडून जातं आणि प्रमाण चुकतं. उकळी आली की गॅसवरून उतरवून दीडशे ग्रॅम चाळलेला मैदा एकदम ओता आणि लाकडी चमच्याने जोरात ढवळा. क्षणभर ते गुठळ्यांचं आणि बिघडल्यासारखं दिसतं, मग एकदम एकत्र येऊन गोळा होतो. उकडीत होतं तेच इथे होतं: पिठातले कण गरम पाणी पिऊन फुगतात. पातेलं पुन्हा बारीक आचेवर ठेवा आणि गोळा एक-दोन मिनिटं परतत राहा. तळाला पातळ पांढरट साय धरायला लागते, गोळ्यावर तुपकट चकाकी येते, चमचा उभा केला तर उभा राहतो. जेवढं पाणी इथे उडेल तेवढी अंडी पुढे जास्त मावतात, आणि फुगणं अंड्यांवर आहे.

आता गोळा भांड्यात काढून पसरा आणि बोट लावता येईल इतका निवू द्या. गरम गोळ्यात अंडं घातलं तर ते शिजतं आणि पिठात उकडलेल्या अंड्याचे कण दिसतात. मग एकेक अंडं घालून घोटा. प्रत्येक वेळी पीठ आधी तुकडे तुकडे होऊन चमच्यावरून घसरतं आणि अगदी वाया गेलंसं वाटतं. घाबरायचं नाही, घोटत राहायचं, ते पुन्हा मिळून येतं. तीन अंडी निःशंक घाला. चौथं फेटून थोडं थोडं घाला आणि बघत राहा. चमचा वर उचलल्यावर पीठ जाड धारेने ओघळून खाली त्रिकोणी पताकेसारखं लोंबत राहिलं की थांबायचं. फ्रेंच अंडं आपल्या अंड्याहून बरेचदा मोठं असतं, म्हणून आकड्यापेक्षा या खुणेवर विश्वास ठेवा. कधी पाचव्या अंड्याचाही थोडा भाग लागतो.

ताटावर सुटे सुटे गोळे टाका आणि २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा. आत जे घडतं ते फार सुंदर आहे. पिठात बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही. फुगवणारी फक्त वाफ. पाण्याची वाफ होताना त्याचं आकारमान सुमारे १,६०० पट वाढतं. अंडी आणि शिजलेलं पीठ यांचं कवच ताणलं जातं पण फाटत नाही, वाफ ते आतून ढकलत जाते आणि मधोमध पोकळी होते. वीस मिनिटांनी बाहेरून रंग खमंग दिसतो, पण भिंती अजून ओल्या असतात. इथेच लोक ओव्हन उघडतात. थंड हवा आत जाते, वाफेचं पाणी होतं, ओलं कवच वजन पेलू शकत नाही आणि शू चपटे होतात. म्हणून आच १८० वर आणून आणखी दहा मिनिटं थांबायचं. मग एकेका शूला बुडाशी टोचून आतली वाफ बाहेर काढायची. उचलून बघा: चांगला भाजलेला शू हातात अगदी हलका लागतो आणि टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो.

गरम पिठात किसलेलं चीज आणि मिरपूड घातली की त्याच गोळ्यांच्या गूजेर होतात. चहाबरोबर त्या इतक्या चांगल्या लागतात की गोड भरण्याचं राहूनच जातं.

लोणी, आणि आपलं विरजण

फ्रेंच लोण्याची चव वेगळी का, असं पुष्कळ जण विचारतात. तिथलं पारंपरिक लोणी ताज्या सायीचं नसतं, विरजलेल्या सायीचं असतं. विरजणातले जिवाणू जो खास लोणकढा वास तयार करतात, त्याला कारण डायअसेटिल नावाचं संयुग. आता मराठी घरात काय करतात ते आठवा: रोजची साय साठवायची, तिला विरजण लावायचं, घुसळून लोणी काढायचं. म्हणजे फ्रेंच पाककृतीला हवं असलेलं बिनमिठाचं, विरजलेल्या सायीचं लोणी आपल्या फ्रिजमध्ये असतंच. फक्त ते थंड पाण्यात धुऊन, दाबून, ताकाचा अंश आणि पाणी काढून टाकावं लागतं. फ्रेंच लोण्यात किमान ८२ टक्के स्निग्धांश असतो. घरच्या लोण्यात पाणी राहिलं तर बिस्किटं आणि पाऱ्या खुसखुशीत होत नाहीत. दुकानातलं पिवळं बटर वापरलं तर ते खारट असतं, मग वेगळं मीठ घालू नका. आणि तीच विरजलेली घट्ट साय फ्रेंच ‘क्रेम फ्रेश’च्या जागी सूपमध्ये, किशमध्ये बिनधास्त घाला.

ब्रिटनीचे लोक मात्र खारं लोणीच वापरतात, गोडातसुद्धा. राजेशाहीच्या काळात फ्रान्सभर मिठावर जबर कर होता, ब्रिटनीला त्यातून सूट होती. समुद्र शेजारी, गेरांदची मिठागरं जवळ, मीठ स्वस्त. लोणी टिकवायला मीठ सढळ पडलं आणि ती चव अंगवळणी पडली. खाऱ्या लोण्याचं कॅरॅमल आज जगभर मिळतं ते १९७७ साली ब्रिटनीतल्या किबराँ गावच्या आंरी ल रू या मिठाईवाल्याने काढलं.

कॅरॅमल करताना लोक साखर ढवळतात आणि ती पुन्हा दाणेदार होते. ढवळल्याने कडेला उडालेले साखरेचे कण पाकात पडतात आणि त्यांच्याभोवती बाकीची साखर दाणे धरते. दोन-चार थेंब लिंबाचा रस घाला. आम्लामुळे साखरेचा काही भाग मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि दाणे धरायला अडथळा येतो. चमच्याऐवजी पातेलंच हलकेच फिरवा. मुलांना लांब ठेवा, कॅरॅमल उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असतं आणि कातडीला चिकटून राहतं.

तार्त ताताँ, म्हणजे पारी वर ठेवून भाजलेली आणि मग उलटवलेली सफरचंदाची तार्त, हे कॅरॅमल आणि लोण्याच्या पारीचं एकत्र काम. लामोत-बव्राँ गावात ताताँ भगिनींचं हॉटेल होतं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही तार्त प्रसिद्ध झाली. एका बहिणीकडून ती घाईत चुकून उलटी झाली अशी गोष्ट सांगतात, पण ती नंतर रंगवलेली असावी असं मला वाटतं, कारण उलटं करण्यात पक्कं शहाणपण आहे. सफरचंदं तळाला लोणी-साखरेत शिजतात, पारी वर असते. फळाचा रस खाली राहतो, पारी कोरड्या उष्णतेत कुरकुरीत भाजली जाते. सरळ केली असती तर पारी भिजली असती. सफरचंद घट्ट आणि थोडं आंबट घ्या, भुसभुशीत घेतलं तर त्याचा लगदा होतो. पारीला दोन भाग मैदा, एक भाग थंड लोणी आणि गार पाणी. लोण्याचे छोटे तुकडे पिठात तसेच राहायला हवेत, म्हणजे भाजताना ते वितळून थर सुटे होतात. कोकणात किंवा मुंबईत एप्रिल-मेमध्ये लोणी हाताखालीच वितळतं. तेव्हा पीठ आणि परातसुद्धा आधी फ्रिजमध्ये ठेवा, आणि सकाळी लवकर मळा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

कस्टर्ड आणि शू बिनअंड्याचे होत नाहीत, तिथे अंडं म्हणजेच पदार्थ आहे. चायनाग्रास घालून जे होतं ते चांगलं असेल, पण ते दुसरं काहीतरी असतं. तरी फ्रेंच घरात बिनअंड्याचं पुष्कळ आहे. वरची तार्त ताताँ. पिठात आणि वर अंडं न घालता केलेले कुट्टूचे गालेत. बेशामेल सॉस, ज्यात पन्नास ग्रॅम लोण्यावर पन्नास ग्रॅम मैदा परतून अर्धा लिटर दूध घालतात. आधी परतल्यामुळे मैद्याच्या प्रत्येक कणाला लोण्याचं वेष्टन मिळतं आणि गुठळी होत नाही. फ्लॉवर, पालक, उरलेला पास्ता, कशावरही हा सॉस ओतून भाजा. ग्राताँ दोफिनुआमध्ये तर बटाटे, दूध, साय, लसूण आणि जायफळ एवढंच. बटाट्याच्या चकत्या कापल्यावर धुवायच्या नाहीत, त्यांचा स्टार्चच दूध दाट करतो.

गोडात ‘री ओ ले’ आहे, गोल तांदळाची खीर. लिटरभर दुधाला शंभर-सव्वाशे ग्रॅम तांदूळ, व्हॅनिला, मंद आचेवर पाऊण तास. आंबेमोहोर यात छान मिळून येतो. साखर अगदी शेवटी घालायची, कारण ती आधी पडली तर पाणी स्वतः ओढून घेते आणि तांदूळ शिजायला वेळ लागतो. नॉर्मंडीत हीच खीर दालचिनी घालून मातीच्या भांड्यात, मंद ओव्हनमध्ये पाचेक तास ठेवतात, तोपर्यंत वर तपकिरी जाड साय धरते.

राहिलेलं काय करायचं

शिळा पाव फेकत नाहीत. दूध, अंडं, साखरेत भिजवून लोण्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात, त्याला ‘पँ पेर्द्यू’ म्हणतात. इथे ताजा पाव उलट नडतो. तो भिजला की तुटतो, कोरडा झालेला पाव दूध पिऊनही उभा राहतो.

आणि क्रेम आंग्लेझ केल्यावर पाच पांढरे उरतात त्यांचं काय? झाकलेल्या भांड्यात फ्रिजमध्ये ते दोन-तीन दिवस चांगले राहतात. त्यांचं वजन करा, दुप्पट साखर घ्या. भांड्याला तुपाचा किंवा बलकाचा अंशही नको, स्निग्धांश असला की फेस धरत नाही. फेस मऊ उभा राहायला लागला की साखर चमच्या-चमच्याने घालत फेटा. मिश्रण चकचकीत झालं आणि चिमटीत घेतल्यावर साखर खरखरली नाही की ताटावर लहान ढीग टाका आणि ९०-१०० अंशांवर दीड तास वाळवा. हे मेरँग. भाजायचं नसतं, सुकवायचं असतं, म्हणून आच इतकी कमी. पावसाळ्यात साखर हवेतली ओल ओढते आणि मेरँग तासाभरात चिकट होतात. ओव्हनमधून काढून पूर्ण गार झाले की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.